तिसरी टर्म, चौथी टर्म आणि रोजचा हिशेब

14 एप्रिल 2024. गावोगावच्या वस्त्यांत निळे झेंडे लागलेले, विहारांत वंदना चाललेली, संध्याकाळच्या मिरवणुकीची तयारी सुरू. आणि त्याच दिवशी दिल्लीत भारतीय जनता पक्षाने लोकसभा निवडणुकीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. जाहीरनामा पक्षाचा, पण नाव काय? 'मोदी की गॅरंटी'. म्हणजे पक्षाची नाही, सरकारची नाही, संविधानाची तर नाहीच नाही. गॅरंटी एका माणसाची! दहा वर्षे सत्तेवर असलेला माणूस तिसऱ्यांदा मत मागत होता, स्वतःच्या नावाची हमी देऊन मागत होता, आणि त्यासाठी दिवस निवडला होता बाबासाहेबांच्या जयंतीचा.

योगायोग म्हणा, हिशेब म्हणा. आम्हाला मात्र त्या दिवशी 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतले बाबासाहेबांचे भाषण आठवले. धर्मात भक्ती चालेल, ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही. पण राजकारणातली भक्ती ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असे त्यांनी त्या दिवशी बजावले होते. माणूस कितीही थोर असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य ठेवू नका, असेही सांगितले. देशाची सेवा करणाऱ्याचे ऋण मानावे, पण ऋण मानण्यालाही मर्यादा असते, स्वाभिमान गहाण टाकून कोणी कृतज्ञ होत नसतो. आयर्लंडचा देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचा दाखला देऊन त्यांनी हे सांगितले होते. तेव्हा समोर पंडित नेहरू होते, वल्लभभाई होते. भाषण कोणाला उद्देशून आहे हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. आजही लागत नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 'चारसौ पार'ची घोषणा झाली. चारशे कशाला हवेत, याचे उत्तर कर्नाटकातले त्याच पक्षाचे खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्चमध्येच देऊन टाकले होते: संविधान बदलायला! पक्षाने हात झटकले, त्यांचे तिकीट कापले. प्रत्यक्ष बाबासाहेब आले तरी संविधान संपवू शकणार नाहीत, असे राजस्थानातल्या सभेत खुद्द पंतप्रधानांना सांगावे लागले. पण वस्ती जागी झाली होती. 4 जूनला निकाल लागला तेव्हा भाजप 240 वर थांबला, आघाडी 293 वर. महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी भाजपला मिळाल्या 9. तरीही 9 जून 2024 ला नरेंद्र मोदी तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले, आणि 25 जुलै 2025 ला त्यांनी सलग कारकिर्दीच्या बाबतीत इंदिरा गांधींनाही मागे टाकले. इंदिराजींची 1966 ते 1977 ही सलग कारकीर्द 4,077 दिवसांची होती. आता पुढे फक्त नेहरू. पुढची लोकसभा निवडणूक 2029 मध्ये आहे, आणि आतापासूनच चौथ्या टर्मची भाषा कानावर येऊ लागली आहे.

काही मित्र विचारतात, अमेरिकेसारखी दोनच टर्मची मर्यादा आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्त आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा अमेरिकनांनी 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून दाराला अडसर घातला. पण अडसर म्हणजे सर्व काही नव्हे. रशियात मर्यादा होतीच की! 2020 मध्ये घटना बदलली, जुन्या टर्म पुसून पाटी कोरी केली, आणि 2024 मध्ये पुतीन पुन्हा निवडून आले. शेजारच्या बांगलादेशात शेख हसीना जानेवारी 2024 मध्ये सलग चौथ्यांदा जिंकल्या. प्रमुख विरोधी पक्ष निवडणुकीतच नव्हता. सात महिने झाले नाहीत तोच 5 ऑगस्टला त्यांना देश सोडून पळावे लागले. तेव्हा किती वेळा निवडून आला याची नुसती मोजदाद करून भागत नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला होता. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधानाचा मसुदा मांडताना ते म्हणाले, लोकशाहीतल्या सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात: ते टिकाऊ असावे आणि ते जबाबदार असावे. दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत टिकाऊपणा जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त देते. आपण दुसरी निवडली, आणि समजून उमजून निवडली. कारण तिच्यात सरकारची परीक्षा दोनदा होते. एक परीक्षा मतदार दर पाच वर्षांनी घेतात. दुसरी परीक्षा सभागृहात रोज होते: प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबी सूचना मांडून, अविश्वास दाखवून. आणि या देशात रोजची परीक्षा जास्त गरजेची आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. पंतप्रधानाला टर्मची मर्यादा नाही, याचे कारण त्याने रोज हिशेब द्यायचा आहे. रोजचा हिशेब बंद झाला की टर्मची मर्यादा नसणे हीच एक भयंकर गोष्ट होऊन बसते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर आमच्याबरोबर करंज्याला चला.

उरणच्या पुढे, द्रोणागिरीच्या डोंगराच्या पायथ्याला, धरमतरच्या खाडीच्या तोंडावर करंजा आहे. कोळी-आगऱ्यांची मोठी वस्ती, द्रोणागिरी देवीचे देऊळ, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. एका अंगाला नौदलाचे शस्त्रागार, दुसऱ्या अंगाला तेल-वायूचा प्रकल्प, पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर. देशाच्या विकासाचे एवढे सामान एका तालुक्यात क्वचितच सापडेल. आणि त्या सामानाखाली दबलेली माणसेही.

करंज्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर रेवस दिसते. हाक मारावी इतके जवळ वाटते. या खाडीवर पूल बांधण्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980 ते 1982 च्या काळात निघाली. त्यानंतर लोकसभेच्या किती निवडणुका झाल्या? 1984, 1989, 1991, 1996, 1998, 1999, 2004, 2009, 2014, 2019, 2024. अकरा! अकरा वेळा या धक्क्यावर उमेदवार आले, हार घालून घेतले, देवीला नारळ फोडला आणि पूल करतो म्हणून सांगून गेले. काँग्रेसचे राज्य आले, गेले. युतीचे आले, गेले. आघाडीचे आले, गेले. कंत्राट निघायला आणि काम हाती घ्यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढी वर्षे रेवसचा उतारू लाँचमध्येच बसत राहिला. मग सांगा, टिकाऊ सरकार असले की कामे होतात हे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? सरकारे टिकाऊ होती तेव्हाही पूल झाला नाही, पडती होती तेव्हाही झाला नाही.

आता साडेबारा टक्क्यांची गोष्ट घ्या. सिडकोने 1970 नंतर ठाणे, पनवेल आणि उरणच्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या. मोल कवडीचे. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसे हुतात्मा झाली. लढ्याचे नेते होते दि. बा. पाटील. त्याच वर्षाच्या अखेरीस इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक झाली. देशभर सहानुभूतीची अशी लाट की काँग्रेस चारशेच्या पार गेली. खरोखरचे चारसौ पार! आणि कुलाबा मतदारसंघाने कोणाला निवडून दिले? शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांना. दिल्लीतल्या चेहऱ्याकडे न बघता इथल्या माणसाने आपल्या पाच हुतात्म्यांचा हिशेब मांडला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पदरात पडले. कोणाच्या गॅरंटीतून नव्हे.

आता पुढचे वाचा. 16 ऑगस्ट 2014. पंतप्रधान होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नरेंद्र मोदी न्हावा-शेव्याच्या बंदरात आले. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या अशा काही प्रकल्पग्रस्तांच्या हाती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची कागदपत्रे त्यांनी दिली. बंदर सुरू झाले 1989 मध्ये; कागद हाती आला पंचवीस वर्षांनी. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पण कागद म्हणजे भूखंड नव्हे, हे इथल्या माणसाला त्यानंतरच्या वर्षांनी शिकवले. 2019 ची निवडणूक आली तेव्हाही मोर्चे, निवेदने, बैठका चालूच होत्या. ज्या बापाने जमीन दिली तो गेला, ज्या मुलाने कागद घेतला तो म्हातारा झाला.

आणि ज्याच्याकडे सातबाराच नव्हता त्याचे काय? हा प्रश्न आम्ही विचारला नाही तर कोण विचारणार? उरण-पनवेलच्या पट्ट्यात आमचा समाज बहुतांश भूमिहीन. कोणी शेतमजूर, कोणी मिठागरात राबणारा, कोणी गावकीचे काम करणारा. जमीन गेली ती मालकाची, पण रोजगार गेला तो याचा. भूमिहीन, मिठागर कामगार, बलुतेदार यांच्यासाठीही लहान भूखंडांची तरतूद कागदावर आली, हे खरे. पण रांगेत त्यांचा नंबर शेवटचा. जमिनीच्या लढ्यात खांद्याला खांदा लावून लाठ्या खाल्ल्या आणि वाटपाच्या वेळी पुरावा काय म्हणून विचारले गेले! कष्टाचा पुरावा कुठल्या तलाठ्याच्या दप्तरात असतो?

कोळ्यांची कथा वेगळी नाही. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. एवढी की पुनर्वसनाचेच पुनर्वसन करा म्हणून लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, समुद्रात होड्या घालून बंदराची वाट अडवावी लागली. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेलच्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश काढला. भराव टाकून मासेमारीची जागा गेली, खाडीचा प्रवाह अडला, हे लवादाने मान्य केले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राच्या मालकीचे बंदर, राज्याचे सिडको, केंद्राचीच तेल कंपनी, या सर्वांच्या विरुद्ध उघड्या होडीतला कोळी. तिकडे नौदलाच्या सेफ्टी झोनची टांगती तलवार नव्वदच्या दशकापासून उरण, केगाव, म्हातवली, चाणजेच्या घरांवर आहे. राहत्या घराची कौले बदलायची तरी धाकधूक.

12 जानेवारी 2024 ला पंतप्रधान पुन्हा आले. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे, म्हणजे अटल सेतूचे उद्घाटन झाले. 21.8 किलोमीटर लांब, देशातला सर्वांत मोठा सागरी पूल. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. खोटे कशाला बोलायचे, लोकल आली याचा उरणकराला आनंद झाला आणि आम्हालाही झाला. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या रेल्वेची वाट बघून एक पिढी थकली होती. पण टोल भरून मोटारीने जाणाऱ्यासाठी समुद्रावर 21 किलोमीटर पूल उभा राहतो, आणि करंजा-रेवसच्या दोन किलोमीटरसाठी अकरा निवडणुका लागतात! हा प्रश्न त्या दिवशी मंचावरून कोणी विचारला नाही. प्रजेने राजाला प्रश्न विचारायचे नसतात, लाभार्थ्याने तर नाहीच नाही.

हा 'लाभार्थी' शब्द कुठून आला, याचा विचार झाला पाहिजे. नागरिक होता तेव्हा त्याला हक्क होता. लाभार्थी झाला की त्याच्यावर उपकार होतात. धान्य मिळते ते संसदेने 2013 मध्ये केलेल्या अन्नसुरक्षा कायद्याने, पैसा जातो तो लोकांच्या करांतून. पिशवीवर फोटो मात्र एकाचा. मग निवडणुकीत त्या पिशवीची परतफेड मागितली जाते. बाबासाहेब कृतज्ञतेच्या मर्यादेबद्दल बोलले ते नेमके यासाठी.

आता रोजची परीक्षा किती झाली ते पाहू. 2019 ते 2024 ही सतरावी लोकसभा. पाच वर्षांत बैठका झाल्या 274 दिवस. पूर्ण मुदत भरलेल्या कोणत्याही लोकसभेपेक्षा कमी. संविधानाचे 93 वे कलम लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावा असे सांगते. त्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही. मणिपूर मे 2023 पासून जळत होते. त्यावर पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे म्हणून विरोधकांना ऑगस्टमध्ये अविश्वास ठराव आणावा लागला. बहुमत नाही हे माहीत असताना, केवळ एका माणसाचे तोंड उघडावे म्हणून! आणि डिसेंबर 2023 मध्ये संसदेतल्या सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढे मागणाऱ्या विरोधी खासदारांपैकी 146 जण निलंबित झाले. वर्गातली निम्मी मुले बाहेर काढायची आणि मग मास्तरच्या विरोधात कोणी बोलत नाही म्हणायचे, असला हा प्रकार.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. नेहरू तेव्हा लोकांच्या गळ्यातले ताईत. तरी सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळ हे आधीच ठरलेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय झाले आहे, अशी तक्रार त्यांनी निवेदनात केली. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. पुढे उत्तर मुंबईत त्यांचा पराभव झाला. काँग्रेसच्या काजरोळकरांनी केला. पण प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप त्यांनी कधी केला नाही. त्याही आधी, याच कुलाबा जिल्ह्यात, रेवसच्या पलीकडे अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 सहा वर्षे शेती न कसता संप केला. बाबासाहेब त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल त्यांनी मांडले. मंत्रिमंडळ काँग्रेसचे, नुकतेच निवडून आलेले, लोकप्रिय. म्हणून ते गप्प बसले नाहीत. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. रोजची परीक्षा म्हणतात ती ही.

आणि आता ही रोजची परीक्षाच कमजोर करण्याचा घाट आहे. 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत 'एक देश, एक निवडणूक' म्हणून 129 व्या घटनादुरुस्तीचे विधेयक आले. सभागृह मध्येच विसर्जित झाले तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या काळापुरती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे अविश्वास दाखवून सरकार पाडले तरी हाती येणार वर्ष-दीड वर्षाची सत्ता. मग कोण कशाला अविश्वास दाखवील? टिकाऊपणा आणि जबाबदारी यांच्या तराजूत संविधान सभेने जबाबदारीच्या पारड्यात टाकलेले वजन असे काढून घेतले जाते, तेही खर्च वाचवण्याच्या नावाखाली.

मात्र आरसा दुसऱ्याला दाखवताना आपलेही तोंड त्यात दिसते. 1998 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले होते: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून! पुन्हा तो दिवस उगवला नाही. गट झाले, गटांचे गट झाले, आणि प्रत्येक गटाला तहहयात अध्यक्ष मिळाला. मोदींना तीन टर्म झाल्या म्हणून ओरडणाऱ्या आमच्या किती पक्षांत अध्यक्षपदाची एक तरी खरी निवडणूक झाली आहे? कार्यकर्त्याने अधिवेशनात उठून जमाखर्च विचारला तर त्याचे काय होते? हे लिहिल्यावर काहींचे फोन येतील. येऊ द्या. भक्ती निळ्या रंगाची असली म्हणून ती भक्ती नाही असे होत नाही.

करंजा आता मावळ लोकसभा मतदारसंघात येते. 13 मे 2024 ला इथे मतदान झाले. इथले खासदार श्रीरंग बारणे यांचीही ती तिसरी टर्मच. 2014, 2019 आणि 2024. फरक पाहा: 2019 ला मताधिक्य दोन लाख पंधरा हजारांचे होते, 2024 ला ते शहाण्णव हजारांवर आले. 2019 मध्ये याच मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार, आगरी समाजातले राजाराम पाटील यांना पंचाहत्तर हजारांवर मते पडली होती. आगरी, कोळी, बौद्ध एका बाजूला उभे राहण्याची ती सुरुवात होती. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती बाजू कुठे गेली, याचाही जाब आपण एकमेकांना विचारला पाहिजे.

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, पंतप्रधानांच्याच हस्ते. त्याला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने 2022 मध्येच केला होता. उद्घाटनाच्या दिवशी ते नाव विमानतळाला मिळालेले नव्हते. 2029 मध्ये कोणी तरी हात जोडून करंज्याच्या धक्क्यावर येईल. चौथ्या टर्मसाठी येईल किंवा पहिल्या. त्याला गॅरंटी विचारू नका. पूल कुठवर आला, 1,630 कुटुंबांच्या हाती किती पैसे पडले, साडेबारा टक्क्यांचा कागद जमिनीवर कधी उतरला, सातबारा नसलेल्या मजुराला भूखंड मिळाला का, आणि गेल्या पाच वर्षांत यातला कोणता प्रश्न तुम्ही लोकसभेत कोणत्या तारखेला विचारला, तेवढे विचारा. तारीख लिहून घ्या.